साग, गवत आणि गाव : महाराष्ट्र वनविभागाचा इतिहास

महाराष्ट्राच्या ३,०७,७१३ चौरस किलोमीटर भूमीपैकी सुमारे एक पंचमांश भूमी सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली असून तिची राखण, जोपासना आणि विनियोग ही वनविभागाची जबाबदारी आहे. या नोंदीतील वनक्षेत्र आणि प्रत्यक्षातील वनाच्छादन या दोन गोष्टी एकच नाहीत. वनक्षेत्र ही कायद्याने ठरवलेली सीमा आहे, तर वनाच्छादन म्हणजे त्या किंवा अन्य भूमीवर उभ्या असलेल्या झाडांच्या छत्राने झाकलेला भाग. या दोहोंमध्ये जे अंतर पडते, त्यातला बराच भाग पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील गवताळ माळ, खुरटी झुडपे आणि उघडे कातळ यांनी व्यापलेला आहे. विभागाच्या पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासात सागाचे आणि वाघाचे स्थान सर्वांना ठाऊक आहे. परंतु विभाग आणि गावे यांच्या संबंधातले बहुतेक पेचप्रसंग ज्या गवतावरून उद्भवले, त्या गवताची कथा त्या मानाने कमी सांगितली गेली आहे. विभागाच्या या स्मरणिकेतील प्रस्तुत लेखात हा इतिहास मांडताना तिच्याकडे जाणीवपूर्वक लक्ष दिले आहे.

वनांवर राज्यसत्तेचा अधिकार असावा ही कल्पना इंग्रजांनी प्रथम आणली असे म्हणता येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणारे सागवान राज्यातील रानातून परवानगीने तोडावे, आंबा-फणसासारखी झाडे मात्र रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असल्याने धन्याला राजी केल्यावाचून तोडू नयेत, असा विवेक स्पष्टपणे सांगितलेला आहे. पेशवाईत घोडदळाच्या आणि सरकारी जनावरांच्या चाऱ्यासाठी कुरणे, म्हणजे चराई बंद ठेवून गवत वाढू दिलेली राखीव राने, मुद्दाम सांभाळली जात. गावाच्या गुरांसाठी गायरान असे, देवाच्या नावाने राखलेली देवराई असे, आणि डोंगरउतारावर आदिवासींची फिरती शेती चाले. ही व्यवस्था सर्वत्र निर्दोष होती असे मानण्याचे कारण नाही, पण गवत हे राखण्याजोगे धन आहे, ही समज तिच्यात होती आणि तीच पुढच्या शतकात विसरली गेली.

इंग्रजांचे लक्ष रानाकडे वळले ते लाकडासाठी. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी जहाजे बांधली जात, आणि हे सागवान मुख्यतः पश्चिम किनाऱ्याच्या रानांतून येई. पुरवठा निश्चित व्हावा म्हणून १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. परंतु सक्तीच्या लाकूडखरेदीमुळे व्यापारी आणि जमीनमालक इतके नाराज झाले की १८२३ मध्ये ते पदच रद्द करावे लागले. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे तोडीवर प्रभावी नियंत्रण राहिले नाही, आणि कोकणातले व घाटमाथ्यावरचे साग झपाट्याने कमी झाले.

या पार्श्वभूमीवर १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, आणि महाराष्ट्राच्या वनविभागाचा आरंभ याच घटनेपासून मोजणे योग्य ठरते. गिब्सन हे कंपनी सरकारचे शल्यवैद्य होते. पुण्याजवळ दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचे ते १८३८ पासून अधीक्षक होते, आणि औषधी वनस्पतींच्या निमित्ताने त्यांनी सह्याद्रीची राने पायी पालथी घातली होती. इतर अधिकारी लाकडाच्या घनफुटांचा हिशोब करीत असताना घाटावरची झाडे तुटली की ओढे आटतात आणि कोकणातल्या खाड्या गाळाने भरतात, हे गिब्सन सरकारला वारंवार लिहून कळवीत राहिले. रान, पाणी आणि माती यांचा परस्परसंबंध प्रशासनाच्या कागदावर इतक्या आग्रहाने आणणाऱ्या आरंभीच्या अधिकाऱ्यांमध्ये त्यांची गणना करावी लागते. निकोल डॅलझेल यांच्यासह त्यांनी लिहिलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि डॅलझेल हेच त्यांच्यामागून वनसंरक्षक झाले. विभागाचे पहिले दोन्ही प्रमुख वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते, ही बाब या संस्थेच्या दृष्टीने भाग्याची म्हटली पाहिजे.

मात्र काळाचा ओघ वेगळ्या दिशेचा होता. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्या काही दशकांत रुळांखालच्या लाकडी पट्ट्यांसाठी, म्हणजे स्लीपरांसाठी, टिकाऊ लाकडाची मागणी अफाट वाढली. १८५५ मध्ये लॉर्ड डलहौसी यांनी हिंदुस्थानातील वनांविषयी धोरणात्मक टिपण काढले, १८६४ मध्ये डिट्रिश ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ देशाचे पहिले वन महानिरीक्षक झाले, आणि १८६५ च्या पहिल्या वन कायद्यातील उणिवा भरून काढण्यासाठी १८७८ चा व्यापक कायदा करण्यात आला. या कायद्याने सरकारी वनांचे तीन वर्ग पाडले. राखीव वनात जे स्पष्टपणे परवानगीने दिले आहे तेवढेच करता येते, बाकी सर्व निषिद्ध असते. संरक्षित वनात उलट, जे निषिद्ध केले आहे त्याखेरीज बाकीचे करता येते. ग्रामवन हा तिसरा वर्ग राखीव वनाचे हक्क गावाकडे सोपवण्यासाठी होता, पण तो जवळजवळ सर्वत्र कागदावरच राहिला. मुंबई इलाख्याने राखीव वनाचा मार्ग मोठ्या प्रमाणावर पत्करला, आणि या निर्णयाचे परिणाम आजही गावोगावच्या जमिनीच्या वादांत दिसतात.

राखीव वनाच्या हद्दी आखताना केवळ दाट रानच आत घेतले गेले असे नाही. पडीक माळ, डोंगरउतार आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरत असलेली कुरणे हीसुद्धा सीमेच्या आत आली. वन जमाबंदी, म्हणजे वन जाहीर करण्यापूर्वी लोकांचे हक्क तपासून नोंदवण्याची प्रक्रिया, कायद्यात होती. परंतु जे हक्क कोणत्याही दप्तरात नव्हते, केवळ वहिवाटीने चालत होते, ते सिद्ध करणे धनगराला, कातकऱ्याला किंवा ठाकराला कसे शक्य होते? चराईला फी लागली, पास लागले, हद्द ओलांडलेली गुरे कोंडवाड्यात जाऊ लागली आणि ती सोडवण्यासाठी दंड भरावा लागला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात फॉरेस्ट खात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने घशात घातल्यामुळे शेतकऱ्याच्या जनावरांना चरायला जागा उरली नाही, असा घणाघाती आरोप केला आहे. विभागाच्या या स्मरणिकेतही तो नमूद झाला पाहिजे, कारण तो खरा होता.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत याच काळात राबाचा प्रश्न उभा राहिला. भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर रचून उन्हाळ्याच्या अखेरीस ते जाळायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्या राखेत बी फेकायचे, या पद्धतीला राब म्हणतात. वन अधिकाऱ्यांना त्यात झाडांची नासाडी दिसे. शेतकऱ्यांना त्याखेरीज भात येणार नाही असे वाटे. असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये सादर झाला. वन अधिकारी आणि शेतकरी यांचे म्हणणे एकाच व्यासपीठावर नोंदवले गेल्यामुळे हा अहवाल आजही अभ्यासकांना मोलाचा वाटतो.

त्याच दशकांत विभागाने जे शास्त्रीय काम उभे केले, त्याचे श्रेय मात्र नि:संकोचपणे दिले पाहिजे. त्याचा कणा म्हणजे कार्य आयोजना. एखाद्या विभागातील रानाची मोजणी करून, कोणत्या भागात कोणती झाडे किती वयाची आहेत, दरवर्षी त्यांची वाढ किती होते आणि म्हणून किती तोडली असता रानाचे मूळ भांडवल कायम राहील, याचा साधारण दहा वर्षांसाठी लिहिलेला आराखडा म्हणजे कार्य आयोजना. तिच्यात रानाचे कूप पाडले जातात, म्हणजे क्रमाक्रमाने एकेका वर्षी कामाला घ्यायचे तुकडे ठरवले जातात, आणि ज्या कुपात तोड झाली तो नव्या फुटव्यासाठी गुरांना काही वर्षे बंद राहतो. रानात आग पसरू नये म्हणून ठरावीक रुंदीचे पट्टे आगीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच गवत कापून आणि जाळून मोकळे केले जातात. त्यांना जाळरेषा म्हणतात. चंद्रपूर, आलापल्ली आणि मेळघाट येथील साग आजवर टिकला, याचे मोठे कारण ही शिस्त आहे. विदर्भ त्या काळी मुंबई इलाख्यात नव्हता. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या प्रशासनाखाली तेथे स्वतंत्र परंपरा रुजली आणि तिच्यात निस्तार, म्हणजे घरगुती गरजेपुरते जळाऊ लाकूड, बांबू, गवत आणि गौण उपज रानातून घेण्याची गावकऱ्यांची सवलत, या गोष्टीला पश्चिमेपेक्षा अधिक मान्यता होती.

१८९४ च्या वन धोरणाने शेतीची गरज वनापेक्षा वरचढ मानली आणि चराईसाठीच्या रानांचा वेगळा वर्ग कल्पिला, तरी चाकोरी फारशी बदलली नाही. १९२७ चा भारतीय वन कायदा १८७८ च्याच सांगाड्यावर उभा राहिला. अशा स्थितीत १९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्राच्या समुद्रापासून दूर असलेल्या भागांत मिठाच्या जागी रान आले, ही घटना अनपेक्षित नव्हती. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव रानातील गवत कापून जंगल सत्याग्रहाचा आरंभ केला. पाहता पाहता संगमनेर, बिळाशी आणि इतर अनेक ठिकाणी हजारो माणसे विळे-कोयते घेऊन रानात शिरली, आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळील चिरनेर येथे झालेल्या गोळीबारात सत्याग्रही हुतात्मे झाले. लोकांनी कायदा मोडण्यासाठी महागडे सागवान न निवडता गवताची पेंढी निवडली, यातून कोणत्या वस्तूवाचून त्यांचे रोजचे जगणे अडले होते हे पुरेसे स्पष्ट होते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या राष्ट्रीय धोरणाने देशाच्या एक तृतीयांश भूमीवर वन असावे, असे उद्दिष्ट ठेवले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा मुंबई राज्याचा कडक राखीव वनांचा वारसा, विदर्भाची समृद्ध राने व निस्ताराची परंपरा, आणि हैदराबाद संस्थानाकडून आलेला विरळ रानांचा मराठवाडा, अशा तीन प्रवाहांतून आजचा विभाग घडला. विभागाचे मुख्यालय नागपूर येथे आहे, आणि राज्याचे सर्वांत दाट रान पूर्व विदर्भात असल्याने ते उचितच आहे. राज्यस्थापनेनंतरच्या दोन दशकांतील घटना वेगाने घडल्या. १९६९ मध्ये वनोपजाच्या व्यापाराचे नियमन करणारा कायदा होऊन तेंदूपानाचा व्यवहार शासनाच्या हाती आला. कमी उत्पन्नाच्या रानांच्या जागी सागाची रोपवने उभारण्यासाठी १९७४ मध्ये वन विकास महामंडळ स्थापन झाले. १९७५ मध्ये खाजगी वने संपादन करणारा कायदा अमलात आला, ज्याचे न्यायालयीन पडसाद मुंबई-ठाण्याच्या परिसरात अद्याप उमटत असतात. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनभूमी अन्य कामाला देण्यापूर्वी केंद्राची मंजुरी अनिवार्य केली, आणि १९८२ मध्ये वनाबाहेरच्या जमिनीवर झाडे वाढवण्यासाठी सामाजिक वनीकरण ही स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. दरम्यान १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पाने, ज्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाचा समावेश होता, विभागाच्या कामाचे केंद्र लाकडाच्या उत्पादनाकडून संवर्धनाकडे सरकू लागले.

या स्थित्यंतराची खरी कसोटी सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळावर लागली. दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली तेथील काही उजाड तुकडे चराईपासून बंद केले गेले, गवत परतले, आणि त्या गवतात माळढोक पक्षी प्रजननासाठी येऊ लागले. माळढोक जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडे घालतो. त्याला चहूबाजूंची दृष्टी मोकळी हवी असते आणि उंच झाडे नको असतात. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले, पण त्याच्या सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरच्या सीमेत सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील कित्येक गावे, खाजगी शेते आणि शहरी वस्त्याही आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध पडल्याने ज्या शेतकऱ्याच्या बांधावर हा पक्षी निर्धास्त वावरत होता, त्याच शेतकऱ्याला तो अडचणीचा वाटू लागला. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२०० चौरस किलोमीटर करण्यात आले. विभागाच्या सवयीने आणखी एक नुकसान केले : मोकळी जागा दिसली की झाड लावायचे या धारणेतून माळावर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली आणि ती माळढोकाच्या अधिवासाला बाधक ठरल्याचे नंतर लक्षात आले. आज नान्नजला माळढोक क्वचितच दिसतो. या ऱ्हासाला बदललेली पीकपद्धती, सिंचनाचा विस्तार आणि विजेच्या तारा हीसुद्धा कारणे आहेत. तरी गवताळ प्रदेश म्हणजे झाडांची वाट पाहणारी पडीक जमीन नव्हे, तो स्वतःच एक पूर्ण परिसंस्था आहे, म्हणजे माती, वनस्पती आणि प्राणी यांची परस्परांवर अवलंबून असलेली घडी आहे, हे उमगण्यास या विभागाला फार उशीर झाला, असे म्हणणे भाग आहे.

सुदैवाने हे ज्ञान वाया गेलेले नाही. कर्जतजवळील रेहेकुरी येथे काळविटांसाठी आणि बारामती तालुक्यातील सुपे येथे चिंकारांसाठी लहान लहान अभयारण्ये राखली गेली. ताडोबातील नवेगाव आणि जामणी यांसारखी गावे व्याघ्र क्षेत्रातून पुनर्वसित झाल्यावर त्यांच्या रिकाम्या शेतांवर कुरणे विकसित करण्यात आली, आणि चितळ-सांबरांचे कळप व त्यांच्या मागोमाग वाघ तेथे स्थिरावले. अशा कुरणाचे काम दिसते तितके सोपे नसते. घाणेरी, रानमोडी आणि तरोटा ही तणे फुलोऱ्यापूर्वी मुळासकट उपटावी लागतात, कारण एकदा बी पडले की पुढच्या पावसात ते पुन्हा उगवते. मारवेल, पवन्या, शेडा यांसारख्या गुरांना व हरणांना आवडणाऱ्या गवतांचे बी स्थानिक रानातूनच गोळा करून पहिल्या पावसाच्या आधी पेरावे लागते. कापणी बी झडल्यानंतर करायची आणि सारे कुरण एकाच वेळी न कापता पट्ट्यापट्ट्याने कापायचे, म्हणजे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना आडोसा उरतो. कुसळीचे प्रमाण वाढले तर ते कुरण अतिचराईने खालावत असल्याची खूण समजावी लागते. हे सारे कौशल्य वनरक्षक आणि वनमजूर यांच्या हाती असते. नियतक्षेत्रात, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या रानाच्या लहानात लहान घटकात, रोज पायी गस्त घालणारी ही माणसे विभागाचा खरा आधार आहेत, आणि आगीशी, चोरट्या तोडीशी आणि वन्यप्राण्यांशी सामना करताना त्यांतील काहींनी प्राणही दिले आहेत.

गावांशी असलेले नाते दुरुस्त करण्याचा प्रयत्न १९९२ मध्ये संयुक्त वन व्यवस्थापनाच्या शासन निर्णयाने सुरू झाला. वन समित्यांनी राखण करावी आणि उत्पन्नात वाटा घ्यावा, अशी ही योजना होती. तथापि निर्णयाचा अधिकार विभागाकडेच राहिल्याने अनेक समित्या निधी संपताच थंडावल्या. त्याहून मूलभूत बदल २००६ च्या वनहक्क कायद्याने घडवला. सामूहिक वनहक्क म्हणजे ग्रामसभेने परंपरेने वापरलेल्या वनाचे रक्षण, व्यवस्थापन आणि उपजाचा उपभोग करण्याचा कायदेशीर अधिकार. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर हा हक्क मिळाला, आणि असा हक्क मिळवणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची नोंद झाली. एकमताने निर्णय घेणाऱ्या त्या ग्रामसभेने हक्क हाती येण्यापूर्वी कित्येक वर्षे अभ्यासगट चालवून आपले रान समजून घेतले होते. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. बांबू हे झाड की गवत, या जुन्या वादात वनस्पतिशास्त्र पहिल्यापासून गवताच्या बाजूने होते, आणि वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज ठरवून गावाच्या बाजूने निर्णय दिला. त्यानंतर राज्यातील हजारो गावांना सामूहिक वनहक्क मिळाले असून, या बाबतीत महाराष्ट्र देशात अग्रेसर आहे.

अलीकडच्या काळात विभागाने नव्या प्रकारच्या भूमीचीही जबाबदारी घेतली. २०१२ मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष किनाऱ्यावरील खारफुटीचे संरक्षण करतो, आणि २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. ज्या खारफुटीला दलदल समजून भराव टाकला जात होता, ती राखीव वन म्हणून सांभाळण्याइतकी दृष्टी एका पिढीत बदलू शकली, ही गोष्ट माळांच्या बाबतीतही आशा वाटावी अशी आहे.

अद्याप गवताळ माळ महसुली भाषेत पडीक म्हणून ओळखले जातात आणि सौर प्रकल्प, उद्योग किंवा वृक्षलागवडीचे उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी सर्वांत आधी त्यांच्याकडेच बोट दाखवले जाते. धनगरांच्या मेंढ्यांचे हंगामी मार्ग बंद होत चालले आहेत, आणि माळावरचा लांडगा, खोकड व धाविक यांच्यासाठी वाघासाठी उठतो तसा आवाज उठवणारे फार थोडे आहेत. म्हणून विभागाच्या पुढील कार्य आयोजनांमध्ये सागाच्या कुपाइतक्याच काटेकोरपणे प्रत्येक कुरणाची गवतनिहाय नोंद व्हावी, माळावर झाडे लावण्याचे उद्दिष्ट देणे बंद व्हावे, आणि चराईचे वेळापत्रक ठरवताना मेंढपाळांना व ग्रामसभांना बरोबरीच्या नात्याने बसवले जावे, अशी या स्मरणिकेच्या निमित्ताने विभागाला आणि शासनाला आग्रहाची विनंती आहे.